मॅगसल्फ, एप्सम सॉल्ट आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या: तुमचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या वेळी आलेले प्रश्न वाचायला घेतले तर मॅग्नेशियम, मॅग्नेशियम आणि मॅग्नेशियम. कुणाला बाळंतपणात इंजेक्शन मिळालंय, कुणी बद्धकोष्ठासाठी एप्सम सॉल्ट घेतंय, कुणी झोपेसाठी गोळ्या. म्हणून म्हटलं सगळे एकत्रच घेऊ. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, खाली ती परत परत येणार आहे. मॅग्नेशियमचं मीठ चांगलं की वाईट असं विचारून काही हाती लागत नाही, ते कुठल्या वाटेने शरीरात गेलं आणि ज्याच्या शरीरात गेलं त्याच्या किडन्या कशा आहेत, हे दोन प्रश्न विचारायचे.

प्रश्न: बायकोला आठव्या महिन्यात बीपी १७०/११० झालं, डोकं प्रचंड दुखत होतं, डोळ्यासमोर चमकत होतं. ॲडमिट केल्यावर आधी शिरेतून आणि मग कमरेत दोन्ही बाजूंना मोठी इंजेक्शनं दिली. तिच्या सगळ्या अंगाची आग झाली. नंतर सिस्टर सारख्या येऊन गुडघ्यावर हातोडी मारून बघायच्या. कागदावर मॅग्नेशियम सल्फेट लिहिलंय, मी नेटवर बघितलं तर ते जुलाबाचं औषध निघालं! बीपीच्या पेशंटला जुलाबाचं औषध इंजेक्शनने कशासाठी?

उत्तर: तुमची शंका अगदी रास्त आहे, आणि हो, मीठ तेच आहे. पण पोटात घेतलं तर ते बरंचसं आतड्यातच राहतं आणि पाणी ओढून जुलाब करतं, शिरेतून किंवा स्नायूत दिलं तर थेट रक्तात जातं आणि तिथे त्याचं काम पूर्ण वेगळं.

तुमच्या मिसेसना जे झालं त्याला प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात आणि त्यातलाही हा गंभीर प्रकार, कारण डोकेदुखी आणि डोळ्यासमोर चमकणं ही मेंदूवर ताण येत असल्याची लक्षणं. यातून पुढे फिट येऊ शकते, तिला एक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि तीच आईच्या आणि बाळाच्या जिवावर बेतते. मॅगसल्फ, म्हणजे हेच मॅग्नेशियम सल्फेट, दिलं ते ही फिट टाळायला. ते बीपीचं औषध नव्हेच, बीपीसाठी वेगळी औषधं चालू असणार, कागद नीट बघा, दोन्ही दिसतील. मेंदूत ते नेमकं कसं काम करतं याचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही, मेंदूतल्या आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि पेशींचं उत्तेजन कमी होतं असं मानतात.

पण काम करतं हे मात्र पक्कं माहितीये. एक्लॅम्प्सियाची फिट आलेल्या बायकांवर १९९५ मध्ये एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली, तोपर्यंत कुणी डायझेपाम वापरायचं, कुणी फेनिटॉइन, ज्याची जी सवय. त्या चाचणीत मॅगसल्फ दिलेल्यांना पुन्हा फिट येण्याचा धोका डायझेपामच्या तुलनेत ५२ टक्के कमी आणि फेनिटॉइनच्या तुलनेत ६७ टक्के कमी निघाला. मग प्रश्न आला की फिट यायच्या आधीच दिलं तर? त्यासाठी मॅगपाय नावाची चाचणी झाली, ३३ देश, दहा हजारांहून जास्त बायका, निकाल २००२ मध्ये आला. फिट येण्याचा धोका ५८ टक्क्यांनी कमी. त्यानंतर वाद संपला म्हणायला हरकत नाही, जागतिक आरोग्य संघटनाही हेच औषध सुचवते. इतकं जुनं, साधं मीठ आणि नवीन औषधांना मागे टाकतं, मला स्वतःला याचं अजून नवल वाटतं.

आता अंगाची आग. मॅग्नेशियमने रक्तवाहिन्या पसरतात, चेहरा लाल होतो, अंग गरम होतं, मळमळतं, घाम येतो. मॅगपायमध्ये औषध मिळालेल्या बायकांपैकी २४ टक्के जणींना काही ना काही त्रास झाला, बहुतेकींना हाच, अंग तापल्यासारखं होण्याचा. ही ॲलर्जी नव्हे. पेशंटला आधी सांगितलं की "बाई, आता अंग गरम होईल, घाबरू नका" तर निम्मी भीती जाते, ते सांगायचं गडबडीत राहून जातं हे खरं. आणि कमरेतलं इंजेक्शन दुखतंच हो, एकेका बाजूला ५ ग्रॅम म्हणजे १० मिली औषध आत जातं, म्हणून त्यात बधिर करायचं थोडं औषध मिसळतात.

हातोडीचं कारण सगळ्यात महत्त्वाचं. मॅग्नेशियम रक्तात वाढत गेलं की नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप मंद होतो. नेहमीची रक्तातली पातळी लिटरला साधारण दीड ते दोन मिलिइक्विव्हॅलंट (हे लॅबचं मोजायचं एकक), उपचारात ती मुद्दाम ४ ते ७ पर्यंत नेतात. ती ८ ते १० कडे गेली की गुडघ्याचा झटका येईनासा होतो, त्याच्याही वर गेली, १२-१३ च्या आसपास, की श्वासाचे स्नायू थकतात, आणि खूपच वर गेली की हृदय थांबतं. म्हणजे श्वास अडकायच्या बऱ्याच आधी गुडघा खबर देतो, आणि त्याला लॅबच्या रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. सिस्टर हातोडी मारत होत्या, पाय उडत होता, याचा अर्थ पुढचा डोस द्यायला हरकत नाही. सोबत त्या आणखी दोन गोष्टी बघत असणार: श्वास मिनिटाला निदान १६ आहे ना, आणि लघवीच्या पिशवीत गेल्या चार तासांत तासाला निदान ३० मिली या हिशोबाने लघवी जमली आहे ना. लघवीचं कशाला, तर हे मीठ शरीराबाहेर जायला किडनी सोडून दुसरा रस्ताच नाही. लघवी कमी म्हणजे औषध आत साठतंय. या तिन्हीपैकी एक जरी बिघडलं तरी पुढचा डोस थांबवतात, आणि श्वासच मंद झाला तर कॅल्शियम ग्लुकोनेट १ ग्रॅम शिरेतून हळूहळू देतात, तो याचा उतारा.

बाळंतपण झाल्यावरही २४ तास औषध चालू ठेवलं असेल तर त्यातही काही चूक नाही, फिट बाळंतपणानंतरही येते, म्हणून शेवटच्या फिटपासून किंवा बाळंतपणापासून, जे नंतर झालं असेल त्यापासून २४ तास मोजतात.

प्रश्न: मला सातव्या महिन्यात कळा सुरू झाल्या तेव्हा मॅग्नेशियमचं सलाइन लावलं होतं. बीपी नॉर्मल होतं. बाळ ३० आठवड्यांचं झालं, आता बरं आहे. पण औषधाने बाळाला काही झालं असेल का ही टोचणी जात नाही. अंगावर पाजताना चालतं का?

उत्तर: टोचणी काढून टाका. बीपी नॉर्मल असताना आणि बाळ ३२ आठवड्यांच्या आत येणार असं दिसत असताना हे औषध देतात ते बहुतेक वेळा बाळासाठीच देतात. खूप लवकर जन्मलेल्या बाळांना सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं) व्हायचा धोका त्याने कमी होतो, पूर्ण जात नाही पण कमी होतो. जन्मल्यावर एखादं बाळ थोडं सुस्त, ढिलं वाटू शकतं कारण मॅग्नेशियम वारेतून बाळाकडे जातं, म्हणून बाळांचे डॉक्टर आधीच हजर राहतात, एक-दोन दिवसांत ते उतरतं. दुधातून फार थोडं जातं, पाजायला हरकत नाही.

एक जुनी पद्धत मात्र मागे पडली ते बरंच झालं. कळा थांबवायच्या म्हणून हे सलाइन दिवसचे दिवस चालू ठेवायचे. कळा त्याने थांबतात असं काही सिद्ध झालं नाही, उलट ५ ते ७ दिवसांपेक्षा जास्त सलग दिलं तर बाळाचं कॅल्शियम घटतं, हाडं कमजोर होतात, फ्रॅक्चरसुद्धा झालेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये दिला. तुमच्या बाबतीत हे काही तासांचं काम झालेलं असणार, त्याची याच्याशी गल्लत करू नका.

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे, बद्धकोष्ठाचा जुना त्रास. कुणीतरी एप्सम सॉल्ट सांगितलं, एक मोठा चमचा कोमट पाण्यात. पहिल्यांदा मस्त पोट साफ झालं म्हणून आता रोज घेतात. नैसर्गिक आहे तर चालेल ना? त्यांना डायबेटिस आहे, क्रिएटिनिन २.४ आहे.

उत्तर: आज बंद करा. प्रश्न वाचता वाचता शेवटच्या तीन शब्दांवर आले आणि तिथेच थांबले मी, बाकी सगळं त्यापुढे गौण आहे.

आधी हिशोब बघा. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेटच, स्फटिकात पाणी धरलेलं. वजनाच्या साधारण १० टक्के त्यात प्रत्यक्ष मॅग्नेशियम. एक छोटा सपाट चमचा धरला ५ ग्रॅमचा, तर त्यात ५०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम झालं, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज असते ३१० ते ४२० मिलिग्रॅम, तीही बहुतेक जेवणातूनच भागते. मोठा चमचा म्हणजे याच्या तिप्पट. त्यातलं बरंचसं जुलाबात निघून जातं हे खरं, पण काही भाग रक्तात शिरतोच, आणि रोज शिरतो. किडनी धडधाकट असेल तर ती तेवढं सहज बाहेर टाकते, पत्ताही लागत नाही. क्रिएटिनिन २.४ आणि वय ७४ म्हणजे किडनीचं काम ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याच्याही खाली आलेलं असणार. अशा किडनीला मॅग्नेशियमचे जुलाब नकोतच, एप्सम सॉल्ट नको, मिल्क ऑफ मॅग्नेशिया म्हणजे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड नको, मॅग्नेशियम सायट्रेटही नको, मॅग्नेशियम असलेलं ॲसिडिटीचं पातळ औषधसुद्धा विचारल्याशिवाय नको.

वाढलेलं मॅग्नेशियम घरात ओळखू येत नाही, हीच खरी अडचण. म्हातारा माणूस जरा सुस्त झाला, पाय जड झाले, बोलणं मंद झालं, तर आपण वयावर ढकलतो. मग बीपी उतरतं, नाडी मंद होते. वडिलांना असं काही वाटत असेल तर उद्याची वाट न बघता आजच दाखवायला न्या, रक्तातलं मॅग्नेशियम आणि ईसीजी करून घ्या, आणि डॉक्टरांना "एप्सम सॉल्ट घेत होते" हे वाक्य स्वतःहून सांगा. हे कुणी औषध म्हणून धरतच नाही, त्यामुळे "कुठली औषधं चालू आहेत" म्हटल्यावर त्याचं नावच निघत नाही. पातळी फार वाढलेली असेल तर कॅल्शियम देतात, आणि किडनी काढू शकत नसेल तर डायलिसिसने काढावं लागतं.

राहिलं "नैसर्गिक". इंग्लंडात सरे परगण्यात एप्सम नावाचं गाव आहे, तिथल्या झऱ्याचं कडू पाणी सतराव्या शतकात लोक पोट साफ करायला प्यायला जायचे, १६९५ मध्ये नेहेमिया ग्रू यांनी त्या पाण्यातल्या मिठावर पुस्तकच लिहिलं. तेव्हा झऱ्यातून आलं म्हणून नैसर्गिक म्हणायचं तर म्हणा बापडे, किडनी काही उगम विचारत नाही.

ज्यांच्या किडन्या चांगल्या आहेत, हार्ट ब्लॉक म्हणजे हृदयाच्या ठोक्यांच्या संदेशात अडथळा नाही, पोटात न कळणारं दुखणं नाही, उलट्या नाहीत, आतडं अडकल्याची शंका नाही, अशा मोठ्या माणसाने कधीतरी एकदा घ्यायला हरकत नाही. खाण्यायोग्य असं स्पष्ट लिहिलेलं पाकीट, त्यावरचा डोस, साधारण २ ते ४ छोटे सपाट चमचे ग्लासभर पाण्यात विरघळवून, आणि वर आणखी पाणी प्यायचं. अर्ध्या तासापासून सहा तासांपर्यंत कधीही असर होतो त्यामुळे घराबाहेर पडायच्या आधी घेऊ नका, एवढं व्यवहारज्ञान पुरे. आठवड्याच्या वर सलग नाही. रोज लागायला लागलं तर बद्धकोष्ठ का होतंय ते शोधायचं, तुमच्या वडिलांच्या बाबतीत डायबेटिसमुळे आतडी मंदावलेली असू शकतात, एखादी गोळीही कारण असू शकते, आणि किडनीच्या पेशंटला चालणारी जुलाबाची दुसरी औषधं आहेत, लॅक्टुलोजसारखी. ती डॉक्टरांना विचारून सुरू करा.

प्रश्न: पाय दुखतात म्हणून टबमध्ये एप्सम सॉल्ट टाकून पाय बुडवते, खूप आराम पडतो. मैत्रीण म्हणते त्वचेतून मॅग्नेशियम जातं आणि शरीरातली कमी भरून निघते. खरं का?

उत्तर: आराम पडतो हे खरं, मैत्रिणीचं म्हणणं बहुधा खरं नाही. त्वचेचं कामच मुळी बाहेरचं बाहेर ठेवायचं आहे, आणि पाय बुडवून रक्तातली कमतरता भरून निघते असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. आराम गरम पाण्याचा, पाय वर घेऊन शांत बसण्याचा. तो काय कमी आहे का? खुशाल बसा.

दोनच गोष्टी बघा. डायबेटिसमुळे तळपायाला संवेदना कमी असेल तर पाणी किती गरम आहे ते पायाला कळतच नाही आणि भाजतं, तेव्हा पाणी कोपराने किंवा दुसऱ्याच्या हाताने तपासा, नाहीतर बुडवूच नका. आणि जखम, चिघळलेली भेग असेल तर आधी ती दाखवा. अंघोळीचं वास-रंगवालं मीठ पोटात घ्यायचं नसतं हे सांगायला नको, पण पोरं घरात असतील तर डबा वर ठेवा.

प्रश्न: सलाइनच्या सुईमुळे हात सुजला तेव्हा सिस्टरने मॅगसल्फ आणि ग्लिसरीनची पट्टी ठेवली. तेच का हे?

उत्तर: तेच. दाट मीठ सुजेतलं पाणी ओढून घेतं, या समजुतीवर ही पट्टी चालते, गळवावर लावायचा लेपही याच तत्त्वाचा. जुनी रीत आहे, बऱ्याच जणांना बरं वाटतं, फार मोठा पुरावा मात्र नाही. त्वचा फुटलेली असेल तर लावत नाहीत. लाली वर वर चढत गेली किंवा ताप आला तर पट्टी बाजूला ठेवून दाखवायला जा.

प्रश्न: पित्ताशयात दोन खडे आहेत. व्हिडिओत बघितलं, एप्सम सॉल्टचं पाणी, मग ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस, सकाळी शौचातून हिरवे खडे पडतात. माझ्या भाच्याचे खरंच पडले, आम्ही बघितले. ऑपरेशन टळेल का?

उत्तर: पडले असणार, त्यात मला शंका नाही. ते पित्ताचे खडे होते का, एवढाच प्रश्न आहे. असे "पडलेले" खडे २००५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका टिपणासाठी तपासले होते. त्यात कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन नाही, कॅल्शियम नाही, म्हणजे पित्ताच्या खड्यात जे असतं त्यातलं काहीच नाही. पाऊण भाग निव्वळ फॅटी ॲसिड. आदल्या रात्री प्यायलेलं तेल पोटातल्या रसांनी फुटतं, लिंबाच्या रसातल्या पोटॅशियमशी जुळून त्याच्या साबणासारख्या गोळ्या बनतात, आणि एप्सम सॉल्टच्या जुलाबात त्या बाहेर येतात. तेल प्यायलं नसतं तर गोळ्या पडल्या नसत्या. जितकं जास्त तेल तितके जास्त खडे, आणि माणूस जितके जास्त मोजतो तितका खूष!

भाच्याला सांगा पुन्हा सोनोग्राफी कर, आपोआप कळेल. गंमत बाजूला, यात धोका आहे तो असा की एवढं तेल एकदम गेलं की पित्ताशय जोरात आकसतं, आणि खरा खडा सरकून नळीत अडकला तर कावीळ नाहीतर स्वादुपिंडाची सूज. वर एप्सम सॉल्टचे मोठे डोस लागोपाठ. लिव्हर "साफ" करण्याच्या नादात याच मिठाच्या मोठ्या डोसांनी, पिऊन किंवा एनिमा घेऊन, माणसं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. त्रास न देणारे खडे नुसते लक्ष ठेवून सांभाळता येतात, त्रास देत असतील तर सर्जनशी बोला.

प्रश्न: रात्री पोटऱ्यात गोळे येतात, झोपही नीट नाही. मॅग्नेशियमची कुठली गोळी चांगली, ऑक्साइड, सायट्रेट की ग्लायसिनेट? थायरॉइडची गोळी चालू आहे.

उत्तर: आधी थायरॉइड, कारण ते लोक विसरतात. थायरॉइडची गोळी आणि मॅग्नेशियम यात ४ तासांचं अंतर हवं, नाहीतर मॅग्नेशियम तिला आतड्यातच धरून ठेवतं आणि तुमचा टीएसएच (थायरॉइडच्या रिपोर्टमधला आकडा) वाढतो, मग डोस वाढवतात, कारण कुणालाच सापडत नाही. सकाळी थायरॉइडची, रात्री मॅग्नेशियम, असं केलं की प्रश्न मिटला. डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणूनच्या काही गोळ्या, त्यांचंही तसंच, अंतर हवं, किती ते त्या त्या औषधाप्रमाणे विचारून घ्या.

गोळ्यांचं म्हणाल तर ऑक्साइडमध्ये मॅग्नेशियम भरपूर, ६० टक्के, पण शोषलं कमी जातं आणि पोट बिघडवतं. सायट्रेट जास्त शोषलं जातं, तेही पोट सैल करतंच. ग्लायसिनेट पोटाला सौम्य. पण मुळात घ्यायची का हे आधी ठरवू. वयस्कर लोकांच्या पायातल्या गोळ्यांवर मॅग्नेशियमच्या चाचण्या झाल्यात आणि त्यांचा एकत्र आढावा सांगतो की म्हणण्यासारखा फायदा होत नाही. झोपेसाठीचा पुरावा तोकडा आहे. मायग्रेन वारंवार होणाऱ्यांना मात्र काही जणांना उपयोग होतो. रक्तात कमी असेल तर घ्यायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही, फक्त हेही लक्षात ठेवा की शरीरात साधारण २५ ग्रॅम मॅग्नेशियम असतं आणि रक्ताच्या पाण्यात त्यातलं एक टक्कासुद्धा नसतं, निम्म्याहून जास्त हाडांत, म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी साठा नॉर्मल असेलच असं नाही.

महिनाभर घेऊन बघायचं असेल आणि किडनी नॉर्मल असेल तर बघा. गोळ्यांमधून दिवसाला ३५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका, युरोपात तर हीच मर्यादा २५० धरतात. डब्यावर मोठ्या अक्षरात मिठाचं वजन असतं, आतल्या मॅग्नेशियमचं वजन बारीक अक्षरात, बघायचं ते बारीक अक्षर. महिन्याने फरक नसेल तर डबा कुणाला न देता बंद करा.

प्रश्न: आईला ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल चार-पाच वर्षं चालू आहे. परवा चक्कर येऊन पडली, पोटॅशियम कमी, कॅल्शियम कमी, दोन्ही देऊनही वाढेनात. मग मॅग्नेशियम तपासलं तर फारच कमी निघालं आणि सलाइनमधून मॅगसल्फ दिलं. याचा ॲसिडिटीच्या गोळीशी काय संबंध?

उत्तर: सरळ संबंध, आणि ज्यांनी मॅग्नेशियम तपासायला सांगितलं त्यांना मानायला हवं. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या जातीच्या गोळ्या दीर्घकाळ, बहुतेक वेळा वर्षाच्या वर घेतल्या की आतड्यातून मॅग्नेशियम शोषणं कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच तसं कळवलं, आणि त्यांनी बघितलेल्या पेशंटपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात नुसतं मॅग्नेशियम देऊन भागलं नाही, गोळीच बंद करावी लागली. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, जुने जुलाब, दारू, याने हीच कमतरता आणखी वाढते.

मॅग्नेशियम कमी असताना किडनी पोटॅशियम धरून ठेवू शकत नाही, आणि कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइडचं हार्मोनही नीट सुटत नाही, म्हणून वरून कितीही ओता, ते वाढत नाही, आधी मॅग्नेशियम भरलं की बाकीची दोन्ही आपोआप वळणावर येतात. ही कमतरता हृदयाच्या ठोक्यांवरही जाते. टोर्साड नावाचा एक भयानक ठोका आहे, त्यात मॅगसल्फ २ ग्रॅम शिरेतून देणं हाच पहिला उपाय, कधी रक्तातली पातळी नॉर्मल असली तरीही. गंभीर दम्याचा ॲटॅक नेहमीच्या औषधांना दाद देत नसेल तर २० मिनिटांत २ ग्रॅम, तेही हेच.

आईची गोळी अजून लागते का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून झटक्यात बंद करू नका, कधीकधी ती कुठल्या तरी चांगल्या कारणाने चालू असते. ठेवायचीच असेल तर मॅग्नेशियम अधूनमधून तपासत राहायचं.

प्रश्न: मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे. मॅग्नेशियमची गोळी घेऊ का?

उत्तर: नको. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत जायलाच तुमच्याकडे अडचण, मॅग्नेशियम ती वाढवतं, श्वासाचा त्रास होऊ शकतो. इंजेक्शनने तर मुळीच नको. ऑपरेशन किंवा बाळंतपणासाठी ॲडमिट व्हाल तेव्हा हा आजार सगळ्यात आधी सांगा.

प्रश्न: मी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वॉर्डात मॅगसल्फ भरायची वेळ येते तेव्हा हात थरथरतात. काय लक्षात ठेवू?

उत्तर: थोडे थरथरू देत, या औषधाला तेवढा मान द्यायलाच हवा. औषध सुरक्षेच्या याद्यांमध्ये ते "हाय अलर्ट" म्हणून धरलंय.

पहिलं म्हणजे अँप्युलवरचा टक्का वाचायचा, दरवेळी, पाठ असला तरी. ५० टक्के म्हणजे २ मिलीत १ ग्रॅम, पण दुसऱ्या ताकदीची अँप्युलंही असतात आणि दिसायला सारखीच. ५० टक्क्यांचं औषध शिरेत तसंच द्यायचं नसतं. ४ ग्रॅमचा पहिला डोस हवा तर ८ मिली औषधात १२ मिली स्टराइल पाणी, झालं २० मिली, २० टक्क्यांचं. हा हिशोब तोंडात न ठेवता कागदावर करा आणि दुसऱ्या सिस्टरला दाखवून सही घ्या, कुणी हसलं तरी. पंपावर लावायचं असेल तर मॅगसल्फची नळी कुठली आणि साध्या सलाइनची कुठली हे दोन्हींवर चिकटपट्टी लावून लिहा, चुका तिथे होतात, घाईत सलाइन जोरात सोडायला जातात आणि सुटतं मॅगसल्फ.

दुसरं, नाव पूर्ण लिहा. एमजीएसओ४ असं लिहायची सवय सगळ्यांना आहे, पण एमएसओ४ असं लिहिलं की ते मॉर्फिन सल्फेट, आणि घाईच्या अक्षरात दोघांत फरक राहत नाही. एकाच्या जागी दुसरं गेलेलं आहे, म्हणून दोन्ही लघुरूपं वापरू नका असा नियमच कित्येक ठिकाणी केलाय.

तिसरं, प्रत्येक डोसआधी गुडघा, श्वास, लघवी. वर सांगितलेच आहेत आकडे. एपिड्युरल (पाठीतून दिलेलं बधिर करायचं औषध) दिलेलं असेल तर गुडघ्याचा झटका त्यामुळेच येत नसेल, मग कोपराचा बघायचा. पेशंट निफेडिपिन या बीपीच्या औषधावर असेल तर बीपी एकदम उतरू शकतं, जरा जास्त वेळा घ्या. आणि ड्यूटी सुरू झाली की कॅल्शियम ग्लुकोनेट कुठे ठेवलंय ते स्वतः जाऊन बघा, एक्स्पायरीसकट. "असेल तिथे" हे उत्तर मागच्या पाळीकडून ऐकून घ्यायचं नाही.

प्रश्न: झाडांसाठी एप्सम सॉल्टची मोठी पिशवी आणली होती, अर्धी उरलीय. मीठ तेच आहे तर जुलाबासाठी चालेल ना?

उत्तर: नाही. मीठ तेच असलं तरी शेतीच्या प्रतीच्या मिठात शिसं, आर्सेनिक यांसारखी अशुद्धी किती आहे हे औषधाच्या कसोटीने कुणी तपासलेलं नसतं. खाण्यासाठी नाही असं पिशवीवरच छापलेलं असेल, बघा. उरलेलं झाडांनाच घाला, तेही बेताने, मातीत आधीच मॅग्नेशियम भरपूर असेल तर झाडालाही ते नको असतं.